ऑक्सिजन आला, प्रथिन गेलं, आरएनए मागे राहिला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एकच वेस्टर्न ब्लॉट तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा तो कोरा आला. प्रयोग तसा साधा होता. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पॅन्क-१ पेशी चोवीस तास एक टक्का ऑक्सिजनमध्ये ठेवायच्या, बाहेर काढायच्या आणि एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन वाढलंय का ते बघायचं. वाढतं हे सगळ्या जगाला माहीत आहे. नेटच्या तयारीत तुम्हीही वाचलं असेल. माझ्या ब्लॉटवर मात्र काहीच नाही. बीटा-अ‍ॅक्टिनचे पट्टे अगदी ठळक, आणि वर नुसता पांढरा पडदा.

गंमत म्हणजे त्याच पेशींच्या दुसऱ्या प्लेटमधून काढलेल्या आरएनएमध्ये मिर-२१० भरपूर वाढलेला दिसत होता. मिर-२१० वाढतो तो एचआयएफमुळेच. म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला होता, एचआयएफने काम केलं होतं, पण तो स्वतः जागेवर नव्हता! मी अँटिबॉडी बदलली, ट्रान्सफरची वेळ बदलली, आधीच्या बॅचच्या पेशीही वितळवून बघितल्या. शेवटी गाइडनी एकच प्रश्न विचारला, "चेंबरमधून प्लेट काढल्यापासून लायसिस बफर घालेपर्यंत किती वेळ जातो?"

आमचं हायपॉक्सिया चेंबर एका मजल्यावर, माझं बेंच दुसऱ्या. जिना, दोनदा पीबीएसचा वॉश, मध्ये कोणीतरी भेटलं तर दोन शब्द. सगळे मिळून वीस मिनिटं तरी. उत्तर तिथेच होतं.

हा किस्सा सांगायचं कारण असं, की कमी ऑक्सिजन आणि नॉनकोडिंग आरएनए यांचं स्वादुपिंडाच्या कर्करोगातलं नातं समजून घ्यायला माझा तो कोरा ब्लॉट फार उपयोगी पडला. प्रथिन काही मिनिटांत नाहीसं होतं आणि आरएनए मागे राहतो, हे जे माझ्या प्लेटमध्ये झालं, तसंच काहीसं गाठीतही होत असावं. कसं ते टप्प्याटप्प्याने बघू.

गाठीत ऑक्सिजन किती असतो?

स्वादुपिंडाचे नव्वद टक्क्यांहून जास्त कर्करोग हे स्वादुपिंडाच्या नलिकांशी संबंधित अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारचे असतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्यांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. एक कारण उशिरा होणारं निदान. दुसरं म्हणजे गाठीची रचना.

ही गाठ म्हणजे फक्त कर्कपेशींचा गोळा नाही. तिचा मोठा भाग तंतुमय ऊतींचा असतो. स्वादुपिंडातल्या स्टेलेट पेशी जाग्या होतात आणि कोलॅजन, हायलुरोनिक आम्ल वगैरेंचा जाड थर बांधतात. याला आपण स्ट्रोमा म्हणतो. या दाबाखाली लहान रक्तवाहिन्या चेपल्या जातात, मुळात त्या असतातही विरळ. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून ऊतीत साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच विसरणाने पोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात.

हे प्रत्यक्ष मोजलंही गेलं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कूंग आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी सात रुग्णांच्या स्वादुपिंडात इलेक्ट्रोड घालून ऑक्सिजनचा दाब नोंदवला. गाठींमध्ये मध्यक दाब ० ते ५.३ मिलिमीटर पारा इतकाच होता. शेजारच्या निरोगी भागात तो २४.३ ते ९२.७ होता. रुग्ण फक्त सात, पण फरक बघा.

आता आपल्या नेहमीच्या इनक्युबेटरकडे या. त्यात ऑक्सिजनचा दाब साधारण १४० मिलिमीटर पारा असतो. चेंबरमधला एक टक्का म्हणजे सुमारे ७. म्हणजे ज्याला आपण पेपरात "नॉर्मॉक्सिया" लिहितो, ती हवा निरोगी स्वादुपिंडालासुद्धा कधी मिळत नाही. आपला कंट्रोल हाच मुळात असाधारण असतो, हे लक्षात ठेवा.

पाच मिनिटांचं आयुष्य

एचआयएफ-१ अल्फा पेशीत सतत तयार होत असतो, ऑक्सिजन असो वा नसो. फरक पडतो तो त्याच्या मोडतोडीत. ऑक्सिजन असेल तर प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाची विकरं त्याच्या दोन ठरावीक प्रोलिनांवर हायड्रॉक्सिल गट बसवतात. या विकरांचं लघुरूपही पीएचडीच आहे, पण ही पीएचडी काही सेकंदांत काम उरकते, आपल्यासारखी पाच-सहा वर्षं घेत नाही. हायड्रॉक्सिल बसला की व्हीएचएल हे प्रथिन त्याला ओळखतं, त्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारला जातो आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतं. ऑक्सिजनच्या सान्निध्यात त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटांच्या आसपास असतं.

ऑक्सिजन कमी झाला की ही विकरं थंडावतात, एचआयएफ-१ अल्फा साठतो, केंद्रकात जाऊन एचआयएफ-१ बीटाशी जोडी जमवतो आणि शेकडो जनुकं चालू करतो. ग्लुकोज आत घेणारी, लॅक्टेट बनवणारी, नव्या रक्तवाहिन्या मागवणारी. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

आता माझी वीस मिनिटं आठवा. जिन्यावरच सगळा एचआयएफ संपला होता. आणि हो, मुलाखतीत विचारतात म्हणून सांगते: एचआयएफ-१ अल्फाचा एमआरएनए मोजून हायपॉक्सिया सिद्ध होत नाही. नियंत्रण मुख्यतः प्रथिनाच्या पातळीवर आहे.

मग मागे काय राहतं?

आपल्या जीनोमचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची माहिती ठेवतो. बाकीच्या बऱ्याच भागातून आरएनए बनतो, पण त्यातून प्रथिन बनत नाही. हे नॉनकोडिंग आरएनए. आपल्या विषयासाठी तीन प्रकार पुरेत.

पहिला मायक्रो-आरएनए. लांबी सुमारे २२ न्यूक्लिओटाइड. आर्गोनॉट प्रथिनात बसून तो ठरावीक एमआरएनएला पकडतो आणि त्यातून प्रथिन बनू देत नाही. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये गोलकृमीत याचा पहिला नमुना दाखवला आणि २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुसरा लांब नॉनकोडिंग आरएनए, म्हणजे २०० न्यूक्लिओटाइडहून मोठा. याची कामं तऱ्हेतऱ्हेची: कधी प्रथिनांना जनुकापर्यंत नेऊन बसवतो, कधी दोन प्रथिनं एकत्र आणतो. तिसरा वर्तुळाकार आरएनए, ज्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात.

टिकाऊपणाच्या दृष्टीने बघा. आर्गोनॉटमध्ये बसलेला मायक्रो-आरएनए सुरक्षित असतो, बरेच तास, कधी कधी काही दिवसही टिकतो. वर्तुळाकार आरएनएला मोकळं टोकच नाही, त्यामुळे टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांना तो दाद देत नाही. लांब नॉनकोडिंग आरएनएंमध्ये मात्र काही फार टिकतात, काही झटकन संपतात. तुमचा कुठला आहे हे तुम्हालाच मोजावं लागेल.

मिर-२१० हे सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं उदाहरण. एचआयएफ त्याला चालू करतो. मग तो आयएससीयू या प्रथिनाचं उत्पादन दाबतो. हे प्रथिन लोह-गंधक समूह जुळवतं, जे मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीला लागतात. परिणाम असा, की पेशी ऑक्सिजनचा खर्च कमी करते. घरात पाणी दिवसाआड येऊ लागल्यावर आपण जसे नळ जपून सोडतो, तसंच. शिवाय मिर-२१० जीपीडी१एल हे आणखी एक प्रथिन दाबतो आणि त्यामुळे एचआयएफ-१ अल्फाची मोडतोड मंदावते. एचआयएफने बनवलेला आरएनए असा एचआयएफलाच आधार देतो.

स्वादुपिंडाच्या रुग्णांच्या रक्तातही मिर-२१० निरोगी लोकांपेक्षा वाढलेला आढळला आहे. २०१० चा हा अभ्यास छोटा होता. पण लगेच "निदानाची चाचणी सापडली" म्हणून उड्या मारू नका. मिर-२१० इतर कर्करोगांतही वाढतो आणि कर्करोग नसलेल्या अवस्थांतही. तो सांगतो की कुठेतरी ऑक्सिजन कमी आहे. कुठे, ते सांगत नाही.

चक्र आणि प्रवास

आता थेट स्वादुपिंडाकडे. २०१९ मध्ये एमटीएटूटीआर या लांब नॉनकोडिंग आरएनएबद्दल एक काम आलं. एचआयएफ-१ अल्फा त्याला चालू करतो. तो एटीएफ३ या प्रथिनाला एमटीए२ जनुकाच्या प्रमोटरवर आणून बसवतो. एमटीए२ प्रथिन वाढतं आणि एचआयएफ-१ अल्फावरचे अ‍ॅसिटिल गट निघण्याची प्रक्रिया वाढते, ज्याने तो जास्त टिकतो. पुन्हा चक्र पूर्ण! त्याच्या आदल्या वर्षी बीएक्स१११ या दुसऱ्या लांब आरएनएचं वर्णन आलं. तोही कमी ऑक्सिजनमध्ये वाढतो आणि वायबी१ या प्रथिनाच्या मदतीने झेब१ हे जनुक चालू करतो. झेब१ मुळे पेशी शेजाऱ्यांचा हात सोडून हलायला लागतात. मेटास्टॅसिसची ही एक पायरी.

ही झाली एकाच पेशीच्या आतली गोष्ट. मला जास्त अस्वस्थ करतो तो पुढचा भाग. गुदमरलेल्या पेशी एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात आणि त्यांत हे आरएनए भरलेले असतात.

२०१८ मध्ये दाखवलं गेलं, की कमी ऑक्सिजनमधल्या स्वादुपिंडाच्या कर्कपेशींच्या एक्सोसोममधून मिर-३०१ए मॅक्रोफेजपर्यंत पोचतो, तिथे पीटेन हे प्रथिन दाबतो आणि मॅक्रोफेज एम२ प्रकाराकडे झुकतात. म्हणजे ज्यांनी लढायचं, तेच गाठीला मदत करू लागतात. २०२१ चं काम त्याहून थेट आहे. त्यात कमी ऑक्सिजनमधल्या पेशींनी सर्क-झेडएनएफ९१ हा वर्तुळाकार आरएनए एक्सोसोममधून पुरेसा ऑक्सिजन असलेल्या कर्कपेशींकडे पाठवला. तिथे त्याने मिर-२३बी-३पी ला अडकवून ठेवलं. त्यामुळे सर्ट१ हे विकर वाढलं, त्याने एचआयएफ-१ अल्फा टिकवला, ग्लायकोलिसिस वाढलं आणि जेमसिटाबिन या औषधाला त्या पेशी दाद देईनाशा झाल्या.

जरा थांबून याचा अर्थ बघा. ज्या पेशीला ऑक्सिजन मिळतोय, ती गुदमरलेल्या पेशीसारखी वागते, कारण शेजारणीचा निरोप तिला मिळाला. गाठीत ऑक्सिजन स्थिरही नसतो. एखादी वाहिनी चेपते, पुन्हा उघडते. ऑक्सिजन परत आला की एचआयएफ काही मिनिटांत जातो, पण त्याने बनवून ठेवलेले टिकाऊ आरएनए काम चालू ठेवू शकतात. माझ्या दोन प्लेटांमध्ये नेमकं हेच दिसत होतं, आणि मी अँटिबॉडीला दोष देत बसले होते.

याचा रुग्णाला काय उपयोग?

घरी आई दर दिवाळीला हेच विचारते आणि प्रश्न रास्तच आहे. उत्तर द्यायला दोन अपयशं सांगते.

एव्होफॉस्फामाइड हे औषध मुद्दाम असं बनवलं होतं की फारच कमी ऑक्सिजन असलेल्या जागीच ते जागं होऊन पेशी मारेल. स्वादुपिंडाच्या कर्करोगापेक्षा योग्य जागा कुठली? शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या ६९३ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. जेमसिटाबिनसोबत हे औषध दिलेल्यांचं मध्यक आयुष्य ८.७ महिने, फक्त जेमसिटाबिन घेतलेल्यांचं ७.६. डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं की हा फरक संख्याशास्त्रीय निकषावर उतरला नाही. त्या चाचणीत गाठीतला ऑक्सिजन मोजून रुग्ण निवडलेले नव्हते. सरासरीने गाठ हायपॉक्सिक असते म्हणजे प्रत्येकाची, प्रत्येक कोपऱ्यात, त्याच दिवशी तितकीच असेल असं नाही.

दुसरं, मायक्रो-आरएनएचं. एमआरएक्स३४ हे मिर-३४ए ची नक्कल मेदकणांत भरून दिलेलं औषध होतं, वेगवेगळ्या प्रगत कर्करोगांसाठी. २०१३ मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली आणि २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण प्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर प्रतिक्रिया आल्या आणि त्यांत रुग्णही दगावले. प्लेटमध्ये मायक्रो-आरएनए टाकणं आणि माणसाच्या शिरेत सोडणं यातलं अंतर एवढं आहे.

हे वाचून हिरमुसू नका. पण पेपरच्या शेवटच्या ओळीत "संभाव्य उपचारलक्ष्य" असे शब्द दिसले की या रुग्णांची आठवण ठेवा.

काम सुरू करण्याआधी

या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर माझ्या चुकांतून जमलेली ही यादी घ्या.

१. पेशी शक्यतो चेंबरच्या आतच फोडा. नसेल जमत तर बर्फावर, बर्फगार बफर घेऊन, एका मिनिटाच्या आत. प्लेट एकेक करून काढा, सहाही एकदम नाही.

२. मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा. द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लगेच निघून जात नाही, प्लॅस्टिकही तो धरून ठेवतं. गेजवर एक टक्का दिसला म्हणजे पेशीपाशी एक टक्का आहे असं नाही.

३. जीएपीडीएच हा संदर्भ म्हणून वापरू नका. तो ग्लायकोलिसिसमधला आहे आणि बऱ्याच पेशींत हायपॉक्सियामध्ये स्वतःच वाढतो. दोन-तीन संदर्भ जनुकं आधी तुमच्याच पेशींत दोन्ही स्थितींत तपासा.

४. कोबाल्ट क्लोराइडने एचआयएफ टिकतो, म्हणून अँटिबॉडी तपासायला ते उत्तम. पण त्यात ऑक्सिजन असतोच, फक्त विकरं बंद पडतात. त्याला हायपॉक्सिया म्हणू नका.

५. एकाच पेशीरेषेवर थांबू नका. पॅन्क-१ आणि मिया पाका-२ मध्ये केरास जनुक बदललेलं आहे, बीएक्सपीसी-३ मध्ये नाही. या कर्करोगाच्या सुमारे नव्वद टक्के रुग्णांत केरास बदललेलं असतं, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

६. आरएनए वाढला, एवढ्यावर "त्याच्यामुळे झालं" असं लिहू नका. तो कमी करून बघा, मग परत घालून बघा. एचआयएफ काढून टाकल्यावरही तो वाढतो का, ते तपासा.

७. "स्पंज" म्हणून आरएनएचं नाव घेत असाल तर प्रती मोजा. पेशीत मायक्रो-आरएनएच्या हजारो प्रती आणि स्पंजच्या दहा, तर तो काय शोषणार? एक्सोसोमलाही हेच लागू. प्लेटमध्ये ओतलेली मात्रा गाठीत शक्य आहे का, हा प्रश्न परीक्षक विचारायच्या आत स्वतःला विचारा.

८. ऑक्सिजन परत दिल्यानंतरच्या वेळाही घ्या. शून्य, पाच, पंधरा मिनिटं, एक तास, चोवीस तास. बहुतेकजण हायपॉक्सियाचे तास मोजतात, त्यानंतरचे मोजत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा आता माझ्या थिसिसचं एक प्रकरण आहे. त्या प्रश्नानंतर मी लायसिस बफर बर्फाच्या डब्यात घालून चेंबरच्याच खोलीत नेला आणि प्लेट काढल्या काढल्या पेशी फोडल्या. चौथ्या ब्लॉटवर पट्टा आला. मग मुद्दाम एक प्लेट वीस मिनिटं बाहेर ठेवली. पट्टा गेला, मिर-२१० तेवढाच राहिला. कोऱ्या ब्लॉटचे ते तिन्ही फोटो मी वहीतून काढलेले नाहीत. नवीन ज्युनिअर आला की पहिल्या दिवशी तेच दाखवते, आणि मग आम्ही दोघं घड्याळ घेऊन जिना मोजतो.